वाघ्या, आडवा!



मागच्या वेळी आम्ही शेळ्यांच्या गोठ्याबद्दल बोललो होतो. त्यात जाता जाता वाघ्याचं नाव निघालं, आणि तेव्हापासून शेळ्या राहिल्या बाजूला, बाजारात बायका भेटल्या की वाघ्याचीच चौकशी करतात. "पळता पळता आडवा पडतो म्हणं तुमचा कुत्रा?" पडतो. दहातल्या आठ-नऊ वेळा पडतो. पण तो तसा पडायला लागेपर्यंत आमचा बचत गट फुटायची वेळ आली होती. म्हणून आज सगळंच सांगतो, कुत्र्याचंही आणि गटाचंही.

आमच्या गटात अकरा जणी. त्यातल्या सात जणींकडे शेळ्या आहेत, मिळून एकतीस. रोज दोघी-दोघी पाळीनं त्या माळावर नेतो, म्हणजे बाकीच्यांना रोजगाराला जाता येतं. माळावर जायची वाट मळ्यातल्या वहिनीच्या वस्तीवरून जाते. वहिनी गटातलीच. तिचे मालक वारले, घरात ती आणि दहावीतली लेक. वस्ती गावापासून लांब. एकदा मोटारीची केबल गेली, एकदा कोंबड्या गेल्या, म्हणून तिनं मेंढपाळांच्या तळावरून एक पिल्लू मागून आणलं. तोच वाघ्या.

आता तुम्ही म्हणाल, मेंढपाळांचं कुत्रं शेरडांच्या मागं कसं लागेल? आम्हालाही तेच वाटलं होतं. पण मेंढपाळांची पिल्लं डोळे उघडल्यापासून मेंढरांत लोळतात, वाघरीपाशी वाढतात. त्यांना ते कळप आपल्याच घरचे वाटतात, आणि लांडगा आला की ती आडवी येतात. वाघ्या वाढला वहिनीच्या अंगणात, माणसांत. सात-आठ महिन्यांचा झाला, पाय लांब झाले, आणि शेळ्या दिसल्या की त्याला तो खेळ वाटायचा. चावायचा नाही कधी. नुसता पळवायचा.

दिवाळीनंतर एक दिवस त्यानं दावं तोडलं आणि अख्खा कळप ओढ्यापर्यंत पळवला. त्यात थोरल्या काकूंची शेळी होती, तीन महिने उलटून गेलेली गाभण. तिसऱ्या दिवशी ती गाभडली. दोन करडं गेली.

इथं एक गोष्ट थांबून सांगतो. शेळी गाभडली की ती धावपळीनंच गाभडली असं छातीठोकपणे म्हणू नका. काही रोगांमुळंही शेळ्या गाभडतात, आणि त्यातले काही माणसालाही होतात. आमच्या पशुसखी ताईंनी कुणाला उघड्या हातानं काही उचलू दिलं नाही. हातमोजे घालून, चुना टाकून, खोल खड्ड्यात पुरलं, कुत्र्यांच्या तोंडी लागू दिलं नाही. डॉक्टरांनी शेळीचं रक्त तपासायला पाठवलं. त्यात रोग निघाला नाही. मग बोट राहिलं ते वाघ्याकडेच.

काकूंनी ती शेळी गटाच्या कर्जातून घेतलेली, नऊ हजारांची, तीन हप्ते बाकी. करडांवर त्यांचा हिशेब होता. शुक्रवारच्या बैठकीत त्या एवढंच म्हणाल्या, "एक तर ते कुत्रं ऱ्हाईल न्हाईतर मी." वहिनी मान खाली घालून बसली होती. कुणी म्हणालं, घाटापलीकडं सोडून या. कुणी हळूच आणखी वाईट सुचवलं. ते आम्ही तिथंच थांबवलं. कुत्र्याला विष घालणं हा गुन्हा आहे, आणि असं पाळलेलं जनावर वाऱ्यावर सोडणंही कायद्यात बसत नाही. ते असो. कायदा नसता तरी ज्या बाईच्या दाराशी रात्री दुसरं कुणी नाही, तिचं कुत्रं आपण काढून घ्यायचं का, हा प्रश्न होताच.

इतिवृत्ताच्या वहीत लिहिलं ते असं: काकूंचे दोन हप्ते वहिनीनं भरायचे, कुत्रा संक्रांतीपर्यंत ताब्यात यावा, नाही आला तर दुसरीकडं घर शोधायचं. वहिनीनं सही केली. काकूंनीही केली, पण त्या दिवसापासून दोघींचं बोलणं बंद.

बांधून ठेवायचं ना, असं सगळ्या विचारतात. दिवसभर बांधलेला तरणा कुत्रा सुटला की दुप्पट पळतो. त्याच दावं तोडलेल्या दिवशी आम्ही ते पाहिलं होतं. हाक मारली तर येतो का? यायचा. पण तो कळपाच्या पलीकडं असताना हाक मारली की शेळ्यांच्या मधूनच यायचा, आणि पुन्हा सगळी पळापळ. रस्त्याच्या पलीकडं असला तर हाकेनं तो गाडीखालीच यायचा. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले, "त्याला बोलवू नका. तो जिथं आहे तिथंच आडवा पडायला शिकवा." त्यांनी मोबाईलवर वेल्समधल्या मेंढपाळांचा व्हिडिओ दाखवला. तिकडं १८७३ मध्ये बाला नावाच्या गावी मेंढरं हाकणाऱ्या कुत्र्यांची स्पर्धा भरली होती, तेव्हापासून अशा स्पर्धा चालत आल्या आहेत. एवढ्या लांबून शब्द कानावर पडताच पळणारं कुत्रं गवतात सपाट होतं, आणि मेंढरंही थांबतात. कुत्रा पळायचा थांबला की कळपाला पळायचं कारण उरत नाही. हे आम्हाला लगेच पटलं.

तिकडची कुत्री पिढ्यान्‌पिढ्या त्याच कामासाठी निवडलेली. आमचा वाघ्या गावठी. त्यानं शेळ्या हाकाव्यात अशी आमची अपेक्षाच नव्हती. त्यानं थांबावं, बस्स.

आता शब्द कोणता? आधी "बस" म्हणून पाहिलं. पण आपल्याकडं दिवसभर "बस गं", "बसा काकी", "आता बस झालं" चाललेलं असतं, आणि एसटी येते ती वेगळीच. कुत्र्यानं कुठल्या 'बस'ला बसायचं? मग "पड" ठरलं. त्यावर आमच्या अक्का भडकल्या. गाभण शेरडांपाशी उभं राहून "पड, पड" म्हणायचं म्हणजे काय? आम्ही बी.ए. झालेलो असलो तरी अक्कांपुढं ते चालत नाही. शेवटी "आडवा" ठरला. तो चांगलाच निघाला, कारण पहिला 'आ' लांबवता येतो आणि माळावर लांब जातो.

एकच शब्द, हे फार महत्त्वाचं. पहिल्या आठवड्यात एक म्हणायची "आडवा हो", दुसरी "आडवा पड की रं", वहिनीची लेक "लोळ, लोळ". वाघ्या आमच्याकडं बघत राहायचा. मग तिनं पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरात 'आडवा' लिहून पडवीत टांगलं. कुत्र्यासाठी नव्हे, आमच्यासाठी.

शिकवायला भाकरी उपयोगाची नाही, ती त्याला रोजचीच. अंडं उकडायचं आणि हरभऱ्याएवढे तुकडे करायचे. एका अंड्यात दोन दिवस निघतात. कांद्याचं कालवण, द्राक्षं, बेदाणे, चॉकलेट देऊ नका, कुत्र्याला बाधतं. वेळ जेवणाआधीची, आणि पाचच मिनिटं, दिवसातून दोन-तीनदा. अर्धा तास शिकवत बसलं की कुत्रंही कंटाळतं आणि आपणही चिडतो.

पहिला धडा अंगणात. तुकडा मुठीत धरून त्याच्या नाकापाशी न्यायचा आणि हळूहळू सरळ खाली, पुढच्या दोन पायांच्या मध्ये जमिनीवर. नाक खाली जातं, मागून अंग खाली जातं. कोपरं आणि पोट जमिनीला टेकलं की लगेच मूठ उघडायची. पाठीवर दाबू नका. दाबलं की ते उलट जोर लावतं, आणि वाढत्या हाडांवर तसा भार बराही नाही. चार-पाच दिवसांत हात खाली जाताच तो पडायला लागला. मग आधी शब्द, मग हात. मग हात रिकामा आणि तुकडा दुसऱ्या हातातून. मग नुसता शब्द. उठायलाही शब्द हवा, आम्ही "चल" ठेवला. नाहीतर तो टेकल्यासारखं करून आपल्या मनानं उठतो, आणि ते पडणं काही कामाचं नसतं.

दहा-बारा दिवसांत अंगणात वाघ्या असा पडायचा की बघत राहावं. वहिनी खूश. आम्हीही खूश. आणि बांधावर नेऊन म्हटलं, "आडवा!" तर त्यानं ऐकलंच नाही.

आमची चूक इथं होती. आम्हाला वाटलं, तो शब्द शिकला. तो शिकला होता अंगणात, उभ्या बाईसमोर, उभं असताना पडायला. चालताना पडणं ही त्याच्या लेखी वेगळीच गोष्ट. जागा बदलली की पुन्हा पहिल्यापासून, चाल बदलली की पुन्हा पहिल्यापासून. दुसऱ्या खेपेला वेळ कमी लागतो, पण टाळता येत नाही.

मग त्याला दोरीला धरून शेजारी चालवायला लागलो. चालता चालता आपण थांबायचं, "आडवा". जमलं की आपण थांबायचं नाही, फक्त चाल मंद करायची. मग तीही मंद करायची नाही. शब्द टाकायचा आणि आपण चालतच राहायचं, तो मागं पडून राहायला हवा. दोन पावलं जाऊन परत यायचं, तुकडा त्याच्या पायांत ठेवायचा. मग पाच पावलं, दहा पावलं. बक्षीस द्यायला आपण त्याच्याकडं जायचं, त्याला आपल्याकडं बोलवायचं नाही. सारखं बोलावलं तर तो पडल्या पडल्याच उठायच्या बेतात राहतो.

यानंतर सगळ्यात चिवट दोष निघाला, त्यात आमचा महिना गेला. वाघ्या वीस पावलांवर असला आणि "आडवा" म्हटलं की तो आधी धावत आमच्यापाशी यायचा आणि मग पायाशी छान पडायचा. बघणाऱ्याला वाटावं, काय शहाणा कुत्रा. पण तो शेळ्यांच्या पलीकडं असताना असं केलं तर? पुन्हा कळपातूनच येणार. त्याचंही बरोबर होतं. तुकडा नेहमी आमच्या पायाशी मिळालेला, म्हणून पडायची जागा आमच्या पायाशी, असं त्यानं धरलं.

त्यावर दोन उपाय केले. एक, त्याच्या मागं लिंबाच्या झाडाला दोर बांधून ठेवायचा, म्हणजे पुढं येताच येत नाही. शब्द टाकायचा. तो ताणतो, बघतो, शेवटी जागेवर पडतो. पडला की आपण चालत जाऊन तुकडा द्यायचा. दोन, पडला की तुकडा त्याच्या डोक्यावरून मागं फेकायचा. म्हणजे चांगली गोष्ट आपल्या दिशेनं नाही, मागच्या बाजूला मिळते, आणि त्याचं धावत यायचं कारणच जातं. दुसऱ्या उपायानं जास्त काम झालं. तो तुकडा खाऊन परत वळला की चालत येतानाच पुन्हा शब्द टाकायचा, चालत्या कुत्र्याला पाडायचा सराव आपोआप होतो.

संक्रांत आली तेव्हा वाघ्या चालताना पडत होता, पळताना नाही. वहिनी बैठकीत म्हणाली, "नाही झालं पुरं." खोटं बोलली नाही ती. काकू गप्प होत्या. अक्कांनीच शिवरात्रीपर्यंत मुदत वाढवायचं सुचवलं, आणि वहीत लिहिलं गेलं.

पळण्यासाठी आम्हालाही पळावं लागलं. पदर खोचून सगळ्या पाळीपाळीनं त्याच्याबरोबर पळालो. वस्तीवरची पोरं बांधावर बसून हसायची. आधी दुडकी चाल, मग धाव. पळता पळता आपण एकदम वेग कमी करून शब्द टाकला की त्यालाही थांबणं सोपं जातं. पुढं तो एकटा पळत असताना शब्द टाकायचा, पण लांब दोर लावून. विहिरीवरचा जुना दोर, वीस-बावीस हात, जमिनीवरून घसटत ठेवायचा. गळ्याला बांधायचा नाही, धावत्या कुत्र्याच्या मानेला हिसका बसतो. आम्ही जुन्या लुगड्याच्या काठाचा छातीपट्टा शिवला. आणि दोर हाताला गुंडाळू नका. आमच्यातल्या एकीनं गुंडाळला, तिच्या तळव्याची सालटी निघाली आणि चार दिवस भाकरी थापता आली नाही.

एवढी सात जणींनी पळापळ केली त्याचा एक फायदा मागाहून कळला. वाघ्या एकट्या वहिनीचा आवाज शिकला नाही, शब्द शिकला. कुणीही म्हणावं, तो पडायचा. काकू मात्र एकदाही आल्या नाहीत.

शेळ्या शेवटी. आधी शेळ्या बांधलेल्या आणि तो शंभर पावलांवर. मग ऐंशी, मग पन्नास. ज्या अंतरावर त्याचे कान ताठ होऊन आमचा आवाज कानाबाहेर जायचा, तिथून दहा पावलं मागं घ्यायचं. घाई केली की मागचं सगळं पुसलं जातं. मग चरत्या शेळ्या, मग चालत्या. इथं अंड्याचा तुकडा फिका पडतो. समोर शेळ्या असताना अंडं कोण खातं? तेव्हा डॉक्टरांनी सांगितलेलं वेल्सकडचं गुपित कामी आलं. आडवा पडल्याचं बक्षीस म्हणजे पुन्हा उठायला मिळणं. पडला, शांत झाला, की "चल" म्हणून उठवायचं आणि आमच्याबरोबर विरुद्ध दिशेला धावू द्यायचं. धाव त्याला हवीच असते, ती आमच्या हातून मिळायला लागली.

फाल्गुनात एक दिवस पडेचना. जिभेनं वाऱ्यासारखा धापतोय, शब्द ऐकतोय, खाली वाकतोय आणि उठतोय. वहिनी चिडली, रडवेली झाली. तिच्या लेकीनं खाली हात लावला. जमीन तव्यासारखी तापलेली आणि सगळीकडं ज्वारीची धसकटं. त्यावर आपण तरी पडलो असतो का? त्या दिवसापासून उन्हाळ्यात सकाळी उजाडता आणि दिवस कलल्यावरच शिकवायचं, आणि आधी पायानं जागा चाचपून बघायची, हा नियम केला. कुत्रं ऐकत नाही म्हटलं की आधी त्याच्या पोटाखाली काय आहे ते बघा.

मारलं का कधी? पहिल्या दिवसांत एकदा वहिनीनं चिंचेचा फोक उगारला. दोन दिवस तो शब्द ऐकला की पळून गोठ्यामागं जायचा. ते दोन दिवस भरून काढायला आठवडा लागला. फोक चुलीत गेला.

शिवरात्रीला गटानं माळावर जाऊन बघितलं. दहा वेळा शब्द टाकला, सात वेळा जागेवर पडला. अक्का म्हणाल्या, आमची पोरं तरी दहातल्या सात वेळा ऐकतात का? वाघ्या राहिला. पण वहीत एक अट घातली: शेळ्या वस्तीवरून जाताना तो दोरानंच धरलेला असावा. ती अट आम्हाला अजूनही योग्य वाटते. शिकलेला कुत्रा म्हणजे कुलूप नव्हे. वहिनी-काकूंचं बोलणं तरी बंदच. हप्ते बँकेच्या दिवशी वहिनी वहीत ठेवायची, काकू वहीतून उचलायच्या.

मग मृगाचा पाऊस आला. काकूंची तीच शेळी पुन्हा गाभण, चौथा महिना. त्या दिवशी पाळी काकूंची आणि आमची होती. पाऊस एकदम आल्यानं शेळ्या वस्तीकडच्या वाटेनं निवाऱ्याला पळाल्या. वहिनी मोटार बंद करायला गेलेली, वाघ्या मोकळा. पळत्या शेळ्या बघून तो गोठ्याच्या कोपऱ्यावरून सुटला, सरळ त्यांच्यावर. आम्ही मागं होतो, पावसात आमचा आवाज पोचेना. काकू पुढं होत्या. त्या ज्या आवाजात ओरडल्या तो आवाज आम्ही त्यांच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. "आऽऽडवा!"

चिखलात छातीवर घसरत जाऊन वाघ्या पडला. काकूंपासून दोन-तीन हातांवर. शेळ्या थबकल्या, मग चालत गोठ्याच्या वळचणीला गेल्या. पाऊस त्याच्या पाठीवर पडत होता, तो हलला नाही. काकूही हलल्या नाहीत. वहिनी धावत आली आणि मध्येच थांबली.

उठायचा शब्द काकूंना माहीत नव्हता. त्यांनी वहिनीकडं बघितलं आणि विचारलं, "आता याला उठवायचं कसं गं?" सहा-सात महिन्यांत त्या वहिनीशी बोललेलं ते पहिलं वाक्य.

"चल म्हणा," वहिनी म्हणाली.

काकूंनी "चल" म्हटलं.

शेळी आषाढात व्याली, दोन करडं, एक पाट आणि एक बोकड, दोन्ही तगली. वाघ्याला तीन महिन्यांचा असताना रेबीजची लस टोचली होती, वर्षानं परत टोचली. तुमच्या दारी कुत्रा असेल तर ही लस दरवर्षी चुकवू नका. आणि कुणाला कुत्रा चावलाच तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी दवाखान्यात जा. हळद-चुना लावत बसू नका.

कोंबड्यांचं अजून जमलेलं नाही. कोंबडी फडफडली की वाघ्याचे कान बंद होतात. त्यावर काम चालू आहे, पुन्हा शंभर पावलांपासून. अंडी आता काकूंकडून येतात, विकत, उधार नाही.

पुढच्या शुक्रवारी आम्ही पावसाळ्यातल्या शेळ्यांच्या खुरांबद्दल बोलणार आहोत. तोपर्यंत नमस्कार.